पिसाचा अळू

आमच्या न्हाणीघरामागे सांडपाण्याचा एक पाट होता आणि त्या पाटाच्या दोन्ही अंगांना आईचा अळू. मालवणच्या किनाऱ्याला कुठल्याही घरामागे असतो तसाच, पण आमच्या अळवाच्या पानावर नक्षी यायची. मधल्या शिरेपासून कडेपर्यंत फिकट, जवळजवळ पांढऱ्या रेघा फुटलेल्या, कोंबडीचं पीस पानावर दाबून ठेवावं तशा. प्रत्येक पानावर नाही. बरीचशी पानं साधी हिरवी यायची आणि मग मध्येच एखादं पीस घेऊन उलगडायचं. तसं पान आलं की आई सकाळी तोंड धुता धुताच हाक मारायची, "गो, पीस इलां बघ!" आणि आम्ही दोघं भावंडं दात घासायचे सोडून धावायचो. वाडीत सगळे त्याला पिसाचा अळूच म्हणत. आईच्या मते ती अळवाची एक वेगळीच जात होती, आणि ती आपल्या परसात आहे याचा तिला अभिमान म्हणजे काही विचारू नका. गळ्यातल्या सोन्याचा नव्हता तेवढा.

पुढे मी वनस्पतिशास्त्र शिकायला बाहेर पडले. एम.एस्सी.ला असताना एका दुपारी वर्गातल्या पडद्यावर आमचं पान दिसलं. तेच पीस, त्याच रेघा, आणि खाली लिहिलेलं, 'विषाणूजन्य रोग'. घरच्या माणसाबद्दल कोणी भलतंसलतं बोलावं तसा मला राग आला. बाई शांतपणे सांगत होत्या की हा आरएनएचा विषाणू आहे. मावा नावाचे बारीक किडे रोगट पानाला तोंड लावून दुसऱ्या पानावर बसले की तो पसरतो, आणि एकदा झाडात शिरला की कांद्याबरोबर, म्हणजे मातीखालच्या गड्ड्याबरोबर, पुढच्या पिढीतही जातो. झाड मरत नाही, नुसतं कुढत राहतं. कांदे बारके धरतात आणि अधूनमधून पानावर पीस उमटतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी हे सगळं आईला समजावून सांगितलं. नवीन शिकलेलं माणूस गप्प कसं बसेल? आई नारळ खवत होती. तिने हात न थांबवता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "रोग तुज्या पुस्तकात आसतलो. माज्या परसात अळू आसा."

त्याच रोगावर मी पुढे पोट भरलं. शहरातल्या एका प्रयोगशाळेत गेली कित्येक वर्षं माझं काम हेच आहे. झाडांतले आरएनए विषाणू शोधायचे, त्यांचा जीनोम म्हणजे त्यांची सगळी जनुकीय अक्षरं वाचायची, आणि रोगट झाडापासून निरोगी रोपं तयार करून शेतकऱ्यांना द्यायची. या शेवटच्या कामात माझा हात चांगला आहे असं लोक म्हणतात. मीही नाकारत नाही.

आमच्याकडे जीनोम वाचायचं नवं यंत्र आलं तेव्हा पहिला मान मी आईच्या अळवाला दिला. गणपतीला घरी गेले होते तेव्हा पिसाचं एक पान तोडलं, तुकडे करून ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पाकिटात सुकवलं आणि घेऊन आले. त्यातून आरएनए काढला, वाचला. हाती आली एक फाईल. दहा हजारांच्या आसपास अक्षरं, तीही चारच, ए, यू, जी, सी, उलटसुलट पुन्हा पुन्हा. त्याच संध्याकाळी आईचा फोन. "वाचलंस काय गो माजो अळू?" म्हटलं, वाचला. "मग वाच बघूया. माका पण आयकांदे."

मी थट्टेतच सुरुवात केली. ओळीच्या शेवटी श्वास घ्यायला थांबले की पलीकडून आई ठासून म्हणायची, "व्हय म्हाराजा!" आमच्याकडे देवळात गाऱ्हाणं घालताना एकजण देवाला सांगत जातो आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला असा होकार भरतात. मला हसू आवरेना. तरी मी वाचत राहिले आणि ती 'व्हय म्हाराजा' करत राहिली. कंटाळल्यावर मधलं सगळं गाळून शेवटाला आले. या विषाणूचं शेपूट म्हणजे नुसते ए, एकामागून एक. ए, ए, ए, ए, ए, असं मी वाचायला लागल्यावर आई म्हणाली, "आता ह्यां काय? रडाक लागलो मेलो?"

माझ्या कामाबद्दल तिने दाखवलेलं कुतूहल तेवढंच. आजही कुठल्याही फायलीच्या शेवटी ते ए आले की मला हसू फुटतं आणि हसता हसता आई इतकी आठवते की खुर्चीवरून उठून बाहेर जावं लागतं.

आई गेली त्या वर्षी मी गणपतीला गेलेच नाही. त्यानंतरच्या वर्षी गेले तर न्हाणीघरामागचा पाट नव्हता. अळूही नव्हता. तिथे सिमेंटचा मोठा चौथरा होता आणि त्याच्यावर ताणलेल्या दोरीवर परक्या लोकांचे टॉवेल वाळत होते. धाकट्या भावाने पर्यटकांसाठी दोन खोल्या काढल्या होत्या, आणि खोल्या म्हटल्या की संडास आले, संडास म्हटले की टाकी आली. मी त्याला विचारलं, अळू कुठे आहे? तो गोंधळून माझ्याकडे बघत राहिला. "ताई, टाकयेक दुसरी जागा खंय होती? आणि आये गेल्यार अळू खातलो कोण? तू?"

त्याचं काही चुकलं नव्हतं. भाऊ माझा वाईट नाही. आईची आजारपणं त्याने काढली, मी शहरातून फोन करत होते. तरीही मी त्याच्याशी जेवणापर्यंत बोलले नाही. त्यापुढे राग टिकवायची आमच्या घरात सोय नाही, कारण तांदळाची भाकरी आणि काळ्या वाटाण्याची उसळ समोर आली की बोलावंच लागतं.

पण मला आईचा अळू हवा होता. साड्या वाटून झाल्या होत्या, एक माझ्याकडेही आहे. साडीला मात्र पान फुटत नाही. तिने स्वतःच्या हाताने लावलेलं, तिच्या आंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी पिऊन वाढलेलं काहीतरी अजूनही कुठेतरी वाढतंय, आणि मी जाऊन त्याच्याजवळ बसू शकते, एवढंच मला हवं होतं. विचार करून असं हवं होतं असंही नाही. तहान लागते तसं झालं होतं.

तसं पाहिलं तर आईचा अळू अर्ध्या तालुक्यात पोचला असणार. पण तो कोणाकडे आहे हे कळायला मार्ग नव्हता, कारण आमच्या वाडीची एक रीत. अळू मागून न्यायचा नाही. मागून नेलेला अळू घशाला खाजतो. तो चोरायचा. म्हणजे काय, शेजारीण गप्पा मारायला यायची, निघताना परसदाराने जायची, आणि नेमकं त्याच वेळी मालकिणीला चुलीवर ठेवलेलं आठवायचं. ती आत वळली की दोन कांदे पदराखाली जायचे. दुसऱ्या दिवशी मातीतला खड्डा बघून मालकिणीने साऱ्या वाडीला ऐकू जाईल असं ओरडायचं, "खंयच्या मेलीन माजो अळू न्हेल्यान गो!" तोंडी शिव्या, पण चेहऱ्यावर आनंद मावत नसायचा. जिचा अळू चोरीला जात नाही त्या बाईची लोक कीव करत. आणि एकदा चोरी म्हटली की नेणारीने ती जन्मात कबूल करायची नाही. कोणी विचारलंच तर 'सासरचो' नाहीतर 'म्हायराचो' म्हणून मोकळं व्हायचं.

मी तरीही विचारत फिरले. धामापूरला आईची बहीण, माझी मावशी राहते. तिच्या विहिरीजवळ पिसाचा अळू होताच. मी विचारल्यावर तिने तळ्याकाठच्या भगवतीची शपथ घेतली. "ह्यो माज्या सासयेचो. तुज्या आवशीचो अळू मी कित्याक न्हेतलंय?" मी म्हटलं, मावशी, आई आता नाही, आता तरी खरं सांग. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पदराने ते पुसून ती पुन्हा म्हणाली, "सासयेचो." फोंडाघाटला दिलेल्या चुलत बहिणीकडे गेले. तिच्याकडेही पीस होतं आणि तिचंही तेच, फक्त सासूच्या जागी आजेसासू.

बायका सांगणार नव्हत्या. मग एक दिवस एसटीत बसल्या बसल्या सुचलं की विषाणू सांगेल.

हा विषाणू स्वतःच्या नकला काढताना चुका करतो आणि त्याच्या चुका तपासणारं कोणी नसतं. त्यामुळे एका परसातला विषाणू वर्षानुवर्षं तिथेच राहिला की त्याची अक्षरं दुसऱ्या परसातल्या विषाणूपेक्षा हळूहळू वेगळी होत जातात. आईच्या अळवातल्या विषाणूची तर एक पक्की खूण होती. त्याचं वरचं कवच ज्या जनुकातून घडतं, त्याच्या सुरुवातीची लागोपाठ तीन अक्षरं गळलेली होती. इतर कोणत्याही नोंदीत मला तसं सापडलं नव्हतं. म्हणजे पिसाचं पान आणायचं, वाचायचं, आणि ती तीन अक्षरं गळलेली आहेत का ते बघायचं. जिच्या अळवात ती खूण सापडेल तिने आईचा अळू नेला. मग तिने हवी तेवढी शपथ घ्यावी.

मी पानं गोळा केली. मावशीचं, चुलत बहिणीचं, शिवाय वाडीत जिथे जिथे पीस दिसलं तिथलं. प्रयोगशाळेत माझ्या एका विद्यार्थिनीने विचारलं, "मॅडम, हे नमुने कुठल्या प्रकल्पाचे?" म्हटलं, घरचे. तिने डब्यावर चिठ्ठी लावली, 'घरचे'.

मावशीचा अळू खरोखरच तिच्या सासूचा निघाला. त्यातला विषाणू आमच्यापेक्षा इतका वेगळा होता की दोघांची गाठ पडून जमाना लोटला असेल. भगवतीची माफी आता मला मागायला हवी होती. चुलत बहिणीचाही आमचा नाही. वाडीतल्या पानांमध्ये कुठेच ती खूण नाही. आईचा अळू सगळ्यांनी नेला म्हणून ती आयुष्यभर आनंदाने ओरडत राहिली, आणि नेला होता तो बहुधा मेला तरी होता नाहीतर कोणी नेलाच नव्हता. मला तिची इतकी दया आली की घरी गेल्यावर जेवावंसं वाटलं नाही.

एक घर राहिलं होतं, तियाचं. आमच्या गडग्यापलीकडे, म्हणजे दगड रचून घातलेल्या कुंपणापलीकडे, तिया राहायची. ख्रिस्ती, लग्न होऊन गोव्याकडून आलेली. त्यांच्यात मावशी-काकूला तिया म्हणतात म्हणून आम्हीही तियाच म्हणत आलो. शाळेत ती आम्हाला शुद्ध मराठीत व्याकरण शिकवायची आणि संध्याकाळी गडग्यावरून आईशी मालवणीत भांडायची. आईची सगळ्यांत जिवाभावाची मैत्रीण तीच आणि आईच्या मते अळूची सगळ्यांत मोठी चोरही तीच. निवृत्त झाल्यावर ती इन्सुलीला लेकीकडे राहायला गेली. अळू तिने इथेच टाकला असणार, असं मी गृहीत धरलं होतं. भावाशी बोलताना सहज विषय निघाला तर तो म्हणाला, "नाय गो. जाताना पिशवी भरून कांदे घेऊन गेलीहा ती. मीच रिक्षात ठेवलंय."

दुसऱ्याच शनिवारी मी इन्सुलीला उतरले. तियाच्या लेकीचं घर हमरस्त्याच्या अगदी कडेला आहे, नाक्यावर थांबलेल्या ट्रकांचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत येतो. तियाने मला पोटाशी धरलं, खूप बारीक झालीस म्हणाली, जे खरं नाही, आणि मग घरामागे नेलं. मोरीच्या पाण्यावर अळू वाढला होता. त्यातलं एक पान अर्धवट उलगडलेलं, आणि त्याच्यावर पीस. मी तिथेच पायरीवर बसले. "व्हयी तितकी पानां घे," तिया एवढंच म्हणाली.

त्या पानात ती तीन अक्षरं गळलेली होती. बाकीचा जीनोमही आईच्या फायलीशी जुळत गेला, मधल्या वर्षांत पडलेल्या मोजक्या चुका सोडल्या तर. आम्ही अशा विषाणूंची वंशावळ काढतो, झाडाच्या फांद्यांसारखी. त्या वंशावळीत आईचा विषाणू आणि तियाचा विषाणू एका डहाळीवर शेजारी शेजारी बसले होते. प्रयोगशाळेत माणसं होती, तरी मी मोठ्याने "आये!" म्हणाले. विद्यार्थिनी धावत आली. मी तिला सांगितलं, सापडला, आणि लहान मुलीसारखी रडले.

हा आनंद मी आठवडाभर पुरवला. त्यानंतर माझंच शास्त्र मला छळायला लागलं. विषाणू जुळला याचा अर्थ झाड जुळलं असा होत नाही. विषाणू कांद्याबरोबर जातो तसा माव्याच्या तोंडातूनही जातो. शिवाय देठ. आईच्या अळवाचा देठ पानाजवळ जांभळा असायचा, तियाचा हिरवट होता. मी ते इन्सुलीलाच पाहिलं होतं आणि माती बदलली की रंग उतरतो अशी स्वतःची समजूत घातली होती. हे वाक्य एखाद्या विद्यार्थ्याने लिहिलं असतं तर मी त्याच्यावर लाल रेघ मारली असती.

आईच्या पानाचे सुकलेले थोडे तुकडे शिल्लक होते. त्यातून झाडाचा स्वतःचा डीएनए काढून तियाच्या झाडाशी ताडून बघणं अवघड नव्हतं. मी बरेच दिवस काही ना काही सबब काढली. शेवटी एका सोमवारी सकाळी बसले आणि करून टाकलं. उरलेले तुकडे त्यातच संपले. झाडं वेगळी होती. थोडीफार नव्हे, साफ वेगळी.

म्हणजे आईचा अळू कुठेच नव्हता. आईच्या अळवाचा रोग तेवढा जिवंत होता, दुसऱ्याच झाडात.

हे फोनवर सांगावंसं वाटेना म्हणून मी पुन्हा इन्सुलीला गेले. तियाने ऐकलं आणि चक्क हसायला लागली. "अगो, मी तुज्या आवयचो अळू कदीच न्हेवक नाय! माजो अळू म्हापशाचो. लग्नात माज्या मायन दिलेलो. तुमची ती चोरीची रीत माका खंय जमतली? चोरी केली तर पाद्रीक सांगूचा लागात ना!" मग म्हणाली, "माजो अळू आदी साधोच होतो. गडग्याक लागान वाढलो आणि एक दिवस तेच्यार पीस इलां. तां बघल्यान मात्र, आणि तुजी आवय वाडीभर नाचाक लागली, तियान माजो न्हेल्यान, तियान माजो न्हेल्यान. इतकी खुशी झाली तिका! मी कित्याक नाय म्हणू?"

म्हणजे त्या एका माव्याखेरीज आईचा अळू कोणी चोरला नव्हता. तियाने मात्र तो आळ इतकी वर्षं हसत हसत अंगावर वागवला होता. मी तिचा हात धरला. आईला हे कधी कळलं नाही याचं मला फार बरं वाटलं.

चहा झाल्यावर तियाने विचारलं, "मग रोग म्हणतंस तर बरो होता काय तो? तुजां तांच काम ना?"

मी म्हटलं, होतो.

ती उठली आणि मातीतून एक कांदा उपटून माझ्यासमोर धरला. लिंबाएवढा. "ह्ये बघ. म्हापशाक माज्या मायचे कांदे मुठीत मावत नव्हते. सुकी सुंगटां घालून ती करी तो अळू माज्या तोंडात अजून आसा. इतकी वर्सां मी ह्ये बारके कांदे खाल्लंय, तुज्या आवयक वायट वाटात म्हणान तोंडातसून काय काडूक नाय. आता ती नाय. मरूच्या आदी माका एकदा माज्या मायचो अळू खावचो आसा, चेडवा. बरो करून दी."

मी बसच्या वेळेबद्दल काहीतरी बोलले. तिच्या लेकीकडे मुलांची चौकशी केली. खरं तर मला एवढंच दिसत होतं की तियाच्या आईचा अळू त्या मातीत आहे आणि माझ्या आईचं जे काही उरलं आहे ते त्याच्या अंगात आहे, आणि दोन्ही राहू शकत नाहीत. शेतकऱ्यांना मी सतत सांगत आले, रोगाची दयामाया करू नका. आता माझ्या जिभेवर आलं होतं, राहू दे ना तिया, राहू दे तसाच. पण मला जी तहान लागली होती तीच तिलाही लागली होती, आणि ती माझ्या आधीपासून, आणि तिची भागवता येण्यासारखी होती. मी तिच्या हातातला कांदा घेतला.

अळूच्या कोंबाचं अगदी टोक असतं, डोळ्याला धड दिसतही नाही एवढं. झाड तिथे इतक्या घाईने वाढत असतं की विषाणू तिथपर्यंत पोचू शकत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली तेवढंच टोक कापून बाटलीत वाढवायचं. माझे हात हे काम झोपेतही करतील. त्या दिवशी ते नेहमीपेक्षा जास्त स्थिर होते आणि त्याचाच मला राग आला. काही महिन्यांनी बाटल्यांमध्ये रोपं उभी राहिली. तपासली. विषाणूचं एकही अक्षर सापडलं नाही. विद्यार्थिनीने टाळ्या वाजवल्या; आमच्याकडे निरोगी रोप निघालं की वाजवतात. मीही वाजवल्या.

रोपं कुंड्यांत रुळल्यावर घेऊन गेले. आधी जुना अळू मुळापासून काढायला हवा होता. एक कांदा जरी राहिला असता तरी माव्याने नव्या झाडांना पुन्हा तेच दिलं असतं. लेक म्हणाली गडी बोलावते, मी नको म्हटलं. पदर खोचून मी तो सगळा स्वतः उपटला, माती चाळून कांद्यांची बारीक पिल्लंसुद्धा वेचली. ढिगात पिसाची तीन-चार पानं होती. एक कांदा पिशवीत टाकायचा मोह झाला, खोटं कशाला बोलू? टाकला असता तर तियाला चुलीवरचं काहीतरी आठवलं असतं हेही मला माहीत होतं. पण तो नेणार कुठे? ज्या जागी दिवसभर निरोगी रोपं वाढवते तिथे? मी ढीग जाळला. ओला अळू पटकन जळत नाही, पुन्हा पुन्हा रॉकेल घालावं लागलं, आणि मी रडत होते ते तिया पायरीवर बसून बघत होती. ती म्हणाली, "रड गो बाय," आणि स्वतःही डोळे पुसायला लागली.

पुढच्या हंगामात तियाचा फोन आला. आवाजच वेगळा. कांदे मोठे झाले होते, तिने सुकी सुंगटां, म्हणजे सुकी कोळंबी, घालून अळू केला होता आणि पहिला घास घेतल्यावर तिला पुढचं जेवता आलं नव्हतं. "मायची चव, चेडवा. तीच. देव बरें करूं तुजां." मला खरंच आनंद झाला. या एका कामाइतकं समाधान मला दुसऱ्या कुठल्या कामाने दिलेलं नाही.

आईच्या विषाणूची फाईल आहे. अक्षर न् अक्षर आहे. ती उघडून बसलं तर पडद्यावर अक्षरं दिसतात, बाकी काही होत नाही.

तियाला मी सांगून ठेवलं आहे की नव्या अळवावर लक्ष ठेवायचं, नवं पान उलगडलं की फोटो पाठवायचा. ती शिक्षिका असल्यामुळे एक पान चुकवत नाही. फोटो येतो, खाली शुद्ध मराठीत लिहिलेलं असतं, 'पान स्वच्छ आहे.' मी हातातलं काम बाजूला ठेवते. फोटो मोठा करते, मधल्या शिरेपासून कडेपर्यंत बोटाने सरकवत नेते, एकेक शीर बघते, मग पुन्हा पहिल्यापासून बघते. तिया विचारते, एवढा वेळ काय बघतेस? मी सांगते, रोग नाही ना याची खात्री करते.